बंबवाल्याचा मूकपट

उत्तम धुमाळ त्या दिवशी माझ्याकडे आले ते भांडायलाच. सत्तरीला टेकलेला माणूस कल्याणहून एसटीने खोपटला उतरतो, भर उन्हात टेंभी नाक्यापर्यंत पायी येतो, दोन जिने चढतो आणि हातात दिलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवून विचारतो, "वहिनी, शेवंतीला प्लीज म्हणायला कुणी लावलं?" गुन्हा माझ्या नातवाचा होता. पण तो ऑफिसात होता आणि मी घरात होते, त्यामुळे बोलणी मला खावी लागली.

धुमाळ ठाण्याच्या फायर ब्रिगेडमधले जुने फायरमन. शेवंती त्यांची बायको, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. आणि ती प्लीज म्हणाली ते एका मूकपटात, जो माझ्या नवऱ्याने, प्रभाकरने, काढला होता. मूकपटात कुणी बोलतं कसं, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं होतं. त्यासाठी मला जरा मागे जावं लागेल, आणि म्हातारपणी मागे जायला फारसं निमित्त लागत नाही.

प्रभाकर पाणी खात्यात होता. नोकरी इमानेइतबारे करायचा, पण जीव सगळा सिनेमात. मस्कतच्या चुलतभावाने त्याला एक छोटा मूव्ही कॅमेरा आणून दिला, आणि आमच्या घरात त्या कॅमेऱ्याचं बाळंतपण सुरू झालं. त्यावर चित्र उमटायचं, आवाज नाही. दुसऱ्या कुणी वाढदिवस आणि सहली टिपून हौस भागवली असती. प्रभाकरने जाहीर केलं की आवाज नाही हीच खरी कला आहे, आपण मूकपट काढायचा. मी म्हटलं, घरात मी बोलते तेवढं पुरे आहे, तू खुशाल मुका काढ. या विनोदावर तो आठवडाभर खूश होता.

विषय त्याला कामावरच सापडला. आगीच्या बंबांना पाणी कुठून मिळायचं याच्या पाहणीसाठी त्याची फायर स्टेशनात जा-ये असे. तेव्हा बंबावर पितळेची घंटा असायची. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला फायरमन तिची दोरी ओढत राहायचा, आणि त्या ठणठणाटाने रस्ता मोकळा व्हायचा. आगीची खबर आली की त्याला तिथे 'वर्दी आली' म्हणत. वर्दी आली की घंटा धुमाळांच्या हातात. हा माणूस घंटा अशी वाजवायचा की नाक्यावरचे दुकानदार न बघता सांगायचे, आज धुमाळची पाळी दिसते. धुमाळांना हे माहीत होतं, आणि ते आपल्याला माहीत आहे हे लपवण्याची त्यांना गरजही वाटत नसे. मिशीला पीळ, टोपी जरा तिरपी आणि चालण्यात असा रुबाब, की ठाण्यातली प्रत्येक आग खास त्यांच्यासाठीच लागते.

मग भोंग्याच्या नव्या गाड्या आल्या. बटण दाबलं की काम झालं. घंटा असलेला जुना बंब आवारात एका कडेला लागला, आणि धुमाळ सुतकात गेले. प्रभाकर एकदा तिथे गेला तर हे गृहस्थ त्या बाद केलेल्या बंबाची घंटा चिंचेने घासत बसलेले. प्रभाकर घरी आला तो दारातूनच ओरडत आला, "सरोज, मला हिरो मिळाला."

मूकपटाचं नाव ठेवलं 'घंटानाद'. माझा नातू अनिमेष हे नाव ऐकून अजून खी खी करतो. आजकालच्या मुलांच्या तोंडी त्या शब्दाचं काय झालंय ते मला कळतं, पण मी कळत नाही असं दाखवते. गोष्ट अगदी रडकी होती. सूरज नावाचा शूर फायरमन, घंटेवर त्याचा जीव. भोंगा येतो, साहेब घंटेचा बंब बाद करतात, सूरज कोपऱ्यात डोळे पुसतो. मग मोठी आग लागते, नव्या गाडीची बॅटरी बसते, भोंग्याला आवाज फुटत नाही, आणि सूरज जुना बंब काढून घंटा वाजवत गर्दी चिरत जातो. शेवटी आगीत अडकलेलं बाळ वाचतं, साहेब सूरजला मिठी मारतात. आग म्हणून कोपरीला खाडीकडच्या मोकळ्या जागेत पेंढा पेटवला, आणि तो सगळ्या स्टेशनने मिळून इतक्या उत्साहाने विझवला की प्रभाकरला धुराशिवाय काही टिपताच आलं नाही. मधल्या पाट्या माझ्या. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या. अक्षर माझं, भाषा प्रभाकरची.

सूरजच्या बायकोचं काम मी करावं असा त्याचा हट्ट होता. मी शिकवायचे त्या शाळेतल्या पोरी मला पडद्यावर बघून काय म्हणतील या भीतीने मी साफ नाही म्हटलं. तेव्हा स्टेशनमागच्या क्वार्टर्समधून धुमाळांची खरी बायकोच आणली. शेवंती जुन्नरकडची. सावळी, उंच, बोलण्यात फटकळ आणि हसताना तोंडावर पदर. क्वार्टर्समधल्या बायकांचं जगणं मी तिच्यामुळे जवळून पाहिलं. वर्दी आली की तिचा हात पिठाचा असो की साबणाचा, ती दारात यायची. हात हलवायची नाही, काही बोलायची नाही. घंटेचा आवाज नाक्यापलीकडे विरला की आत जाऊन पोळी उलटायची.

तिचा प्रसंग एवढाच होता. बंब फाटकातून बाहेर पडतो, सूरज घंटा वाजवतोय, बायको दारातून धावत येऊन त्याला हाक मारते. पाटीवर प्रभाकरने माझ्याकडून लिहून घेतलं होतं, 'नाथ, विजयी होऊन या!' शेवंतीने ते वाचलं आणि ती जी हसत सुटली ती आवरेना. असं कोण बोलतं, वहिनी? प्रभाकर म्हणाला, बरं, नुसतं सूरज म्हणून हाक मारा. तर ती जीभ चावून म्हणाली, नवऱ्याचं नाव कसं घेऊ? तो पिक्चरमधला नवरा आहे, प्रभाकर समजावत राहिला. पिक्चरमधला असला तरी नवराच ना, असं तिचं म्हणणं. क्वार्टर्समधल्या बायका तिच्या बाजूच्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा प्रभाकर कावला. वाट्टेल ते बोला, म्हणाला, या यंत्राला कान नाहीत.

"खरंच नाहीत?" शेवंतीने विचारलं. तिने कॅमेऱ्याच्या जवळ येऊन तो पुढून मागून पाहिला, आणि मग जागेवर जाऊन उभी राहिली.

बंब निघाला. धुमाळ घंटा बडवत होते, नेहमीपेक्षा चार पट जोराने, कारण कॅमेरा होता. शेवंती धावत आली, तिने तोंडाशी हात नेला, पुन्हा खाली घेतला, आणि काहीतरी म्हणाली. मी फाटकापाशी पाट्या सांभाळत उभी होते. घंटेपुढे मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, तिचा कुठला येणार?

खंडेनवमीला स्टेशनात बंबाची पूजा असे. त्या संध्याकाळी आवारात चादर टांगून 'घंटानाद' लावला. क्वार्टर्समधली सगळी मंडळी, नाक्यावरच्या देवीला निघालेले काही लोक, पोरंटोरं पुढे. धुमाळ पहिल्या रांगेत. पडद्यावर स्वतःची मिशी पाहून त्यांची छाती फुगली होती. सूरज डोळे पुसतो तिथवर पिक्चर आला आणि वर्दी आली. धुमाळांची पाळी उठून धावली. खोपटकडे कुठल्याशा गोदामाला आग होती. ते परतले तेव्हा चादरीची घडी घालून झाली होती.

त्यानंतर प्रोजेक्टर बिघडला. प्रभाकर मोटारसायकलीच्या नादी लागला, मग होमिओपॅथीच्या. रीळ बिस्किटांच्या डब्यात गेलं, डबा माळ्यावर गेला. धुमाळ कुठे भेटले की हमखास म्हणायचे, साहेब, ते पिक्चर एकदा लावा की. प्रभाकर म्हणायचा, लावू, लावू. मग प्रभाकर गेला. धुमाळ निवृत्त होऊन मुलाकडे, संदेशकडे, कल्याणला राहायला गेले. मग शेवंती गेली. हॉस्पिटलात तेव्हा कुणालाच आत सोडत नव्हते.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. अनिमेष माळा आवरायला आला आणि त्याला डबा सापडला. तो जाहिरातींच्या व्हिडिओंवर काम करतो. रीळ कुठूनसं कॉम्प्युटरवर चढवून आणलं, आणि पोराला काय हुक्की आली, त्याने ते सुधारलं. रंग भरले. खाली संगीत टाकलं. बंबाला भोंग्याचा आवाज दिला. आणि कॉम्प्युटरकडून बाईचा आवाज तयार करून शेवंतीच्या तोंडी वाक्य घातलं, "सूरज, जाऊ नकोस ना, प्लीज." त्याचा तुकडा त्याने मित्रांना पाठवला. तो फिरत फिरत फायर ब्रिगेडच्या निवृत्तांच्या ग्रुपवर पोचला, आणि तिथून धुमाळांच्या मोबाईलवर.

"हात हलतोय घंटेचा न आवाज येतोय भोंग्याचा," धुमाळ माझ्यासमोर बसून सांगत होते. "ज्याच्यापायी माझी घंटा गेली तोच माझ्या हातात दिला. तरी ते राहू द्या. पण शेवंती? ती जाऊ नका म्हणेल? वर्दीला निघालेल्या माणसाला? आणि प्लीज?"

मी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी तो घेतला. राग उतरला तसा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. प्रभाकरलाही नव्हतं.

मूकपटाच्या त्या दिवसांत शेवंतीने त्यांच्याशी अबोला धरला होता. तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं, धुमाळांनी रजा घेतली होती, आणि निघायच्या सकाळी माणसं कमी पडली म्हणून ते आपणहून ड्युटीवर गेले. ती एकटी पोराला घेऊन जुन्नरला गेली. चारचौघांत 'पाहुणे कुठायत' या प्रश्नाला उत्तरं देऊन आली. आल्यापासून एक शब्द नाही. जेवण वाढायची, डबा भरून ठेवायची, कपडे धुऊन घडी करायची, पण बोलणं बंद. तशातच ती कामाला उभी राहिली, कारण तिला प्रभाकरला नाही म्हणवेना.

"त्या दिवशी फाटकात ती माझ्याकडे बघून बोलली," धुमाळ म्हणाले. "अबोल्यातलं पहिलं बोलणं, आणि मी घंटा वाजवत होतो. साहेबांनी बजावलेलं, काय वाटेल ते होऊ दे, हात थांबवायचा नाही. नाही थांबवला मी."

रात्री घरी ती नेहमीसारखी बोलायला लागली. काय म्हणालीस तिथे, असं त्यांनी विचारलं. तेव्हाच नव्हे, पुढे आयुष्यभर विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं. तुम्ही घंटा बडवत होतात ना, मग आता कशाला चौकशी? आणि पदराआड हसायची. तिला त्यात मजा येत होती आणि त्यांना घाई नव्हती. कधीतरी सांगेल, असं ते धरून चालले होते.

मी म्हटलं, तुमच्या मोबाईलमध्ये तिचे व्हिडिओ असतील की, सान्वीबरोबरचे. सान्वी म्हणजे त्यांची नात. त्यांनी मान हलवली.

"आहेत ना. पण ती सान्वीची आजी आहे, वहिनी."

त्यांना काय हवं होतं ते अगदी सरळ होतं. मूळ पिक्चर बघायचं, बिनआवाजाचं, आणि ती काय म्हणाली ते ओठांवरून ओळखायचं. पण जिना उतरताना ते अर्ध्यावर थांबले आणि वर बघून म्हणाले, काही वाईट बोलली असेल तर? तेव्हा लई चिडलेली होती. मी म्हटलं, मग बघू नका. ते म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी दुपारी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला कलप लावून. अनिमेषला मी आधीच चांगलं फैलावर घेतलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला. "सॉरी आजोबा, मला वाटलं आजकाल सायलेंट कोण बघतं. मी घंटेचा ओरिजिनल टाइप साउंड शोधलाय, टाकू का?" धुमाळांनी हात वर केला. नको, म्हणाले, घंटा तर अजिबात नको.

पडदे ओढले आणि टीव्हीवर 'घंटानाद' सुरू झाला, काळापांढरा, जागोजागी ओरखडे पडलेला. आमच्या हॉलमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता. सुरुवातीला धुमाळ बोलत होते. हा कुंडलिक, पुढे ड्रायव्हर झाला. हा काळुराम, गेला बिचारा. स्वतःची तरुण मिशी आली तेव्हा कलपाच्या मिशीवरून हात फिरला. सूरज कोपऱ्यात डोळे पुसतो तो प्रसंग पाहून ते हसले. म्हणाले, साहेबांनी कांदा लावलेला. मग बंबाच्या पत्र्याजवळ घंटेचं मोठं चित्र आलं, आणि तिथे पितळेवर कॅमेरा धरलेल्या प्रभाकरची वाकडी, बुटकी आकृती दिसली. सगळ्या पिक्चरमध्ये तो तेवढाच आहे. ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याचं चित्र कोण काढणार? मला त्याची फार आठवण आली, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पदर डोळ्यांना लावला.

बॅटरी बसली. सूरज जुन्या बंबावर चढला. धुमाळ खुर्चीच्या कडेला आले.

फाटक. बंब. दोरी ओढणारा हात, आणि अजिबात आवाज नाही. दारातून शेवंती धावत आली. केवढी तरुण होती ती! तोंडाशी हात नेला, खाली घेतला, ओठ हलले, आणि लगेच माझ्या अक्षरातली पाटी आली, 'नाथ, विजयी होऊन या!' या पाटीमुळेच त्या वेळी कुणी तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. सगळे पाटी वाचत होते.

"परत," धुमाळ म्हणाले. अनिमेषने मागे घेतलं. पुन्हा तेच, पुन्हा पाटी. धुमाळ डोळे बारीक करून बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ते बहुतेक एखादं वाक्य शोधत होते. राग, रुसवा, लग्नाचा विषय, काहीतरी लांबलचक. मलाही काही लागेना. अनिमेष म्हणाला, स्लो करतो आणि झूम करतो.

शेवंतीचा चेहरा टीव्हीभर झाला. दाणेदार, धुरकट, पण ओठ स्पष्ट. डोळे थेट बंबावर. ओठांचा चंबू झाला, मग तोंड उघडलं, मग ओठ घट्ट मिटले. तेवढंच. एकच शब्द होता.

"उत्तम म्हणतायत," अनिमेष म्हणाला. "म्हणजे काय, शॉट छान झाला असं का?" त्याच्या लेखी ते धुमाळ आजोबा. त्यांना पहिलं नाव असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

या बाईने रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढे केलं होतं. आयुष्यभर 'अहो', नाहीतर 'संदेशचे बाबा'. माझ्यासारखी नवऱ्याला अरेतुरे करणारी तिला नवलाची वाटायची. आणि तिने अबोला सोडला तो असा, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, यंत्राला कान नाहीत याची खात्री करून घेऊन आणि घंटा वाजत असताना.

अनिमेषने न सांगता पुन्हा मागे घेतलं. शेवंती पुन्हा धावत आली. ओठ गोल झाले, उघडले, मिटले.

धुमाळ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. टीव्हीकडे बघत, हळू, घरात दुसऱ्या खोलीतून कुणी बोलावल्यावर देतात तशी त्यांनी ओ दिली.

"ओ."